हात खाली

आमच्या डॉक्टरबाई पेशंटला कधी "तोंड उघडा" असं म्हणत नाहीत. मास्क हनुवटीखाली ओढतात, खुर्चीवर झुकतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघतात आणि स्वतःच मोठ्ठा आ करतात. झालं. माणूस कितीही घाबरलेला असो, त्याचंही तोंड उघडतं. मग बाई मास्क वर घेतात, ग्लोव्हज चढवतात आणि आरसा आत सरकवतात. एकदा एक फौजदार आला होता, दाढ ठणकत होती तरी जबडा आवळून बसला होता. बाईंनी आ केला, त्यानेही केला. जाताना मला सांगत होता, मी काही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही. मी म्हटलं, हो ना, दिसलंच.

मी तिथे मदतनीस आहे. खुर्चीच्या डाव्या अंगाला माझं स्टूल. लाळ ओढायची नळी धरायची, हत्यारं पुढे करायची, दातात भरायचं सिमेंट कालवायचं, दिवा फिरवायचा. नवीन होते तेव्हा बाईंनी आ केला की मास्कच्या आत माझंही तोंड उघडायचं. दुपारपर्यंत जबडा दुखून यायचा आणि बाई हसायच्या. आता नाही उघडत. कधी थांबलं ते सांगता येणार नाही.

मागे एकदा बाई आत फोनवर होत्या आणि खुर्चीत एक लहान मुलगी बसलेली. म्हटलं तेवढं काम आपण करून ठेवू. मास्क खाली घेतला, आ केला. पोरगी टकामका बघत राहिली. परत केला. तिने मान वळवून आईकडे बघितलं. तेवढ्यात बाई आल्या, आल्या आल्या आ केला, आणि त्या पोरीने पार पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडलं. नंतर बाई म्हणाल्या, "तू नुसतं तोंड उघडतेस गं. तुझा चेहरा येत नाही त्याच्याबरोबर." मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी नळी धुवायला घेतली.

हे असं घटस्फोटापासून झालंय. तेव्हा सगळे म्हणायचे, काय धीराची बाई आहे, डोळ्यातून टिपूस नाही. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर पेशंट गालात बोट खुपसून बघतात ना, स्वतःचाच गाल आणि परक्याचा वाटतो, तसं. पेशंटचं दोन-तीन तासांत उतरतं. माझं उतरलं नाही, आणि खरं सांगायचं तर उतरावं अशी घाईही मी केली नाही. काम चालतं, स्वयंपाक होतो, बिलं भरली जातात. बधीर माणसाचं काही अडत नाही.

नोकरी मला मिळवून दिली ती माझ्या सासूबाईंनी. म्हणजे आता त्या माझ्या कुणीच लागत नाहीत, पण हाक कशी बदलणार? त्या बाईंच्या जुन्या पेशंट. मुलाने दुसरं लग्न करायचं ठरवलं तेव्हा त्याला चार शब्द सुनावले, ते त्याने ऐकले नाहीत, मग माझा हात धरून मला दवाखान्यात आणून उभं केलं. "हिला शिकवा, हुशार आहे," एवढंच बोलल्या.

बाईंनी शिकवलं. बाईंचा स्वभाव मऊ, पण एका गोष्टीत भारी कडक. ग्लोव्हज चढवले की हात चेहऱ्याजवळ न्यायचा नाही. नाक खाजो, डोळ्यात पाणी येवो, हात छातीच्या खाली. सुरुवातीला त्या मला सारख्या टोकायच्या. "हात खाली." रागावून नाही, नुसतं सांगायचं म्हणून, शेवटचा शब्द जरासा ओढून. मी हात वर कधी नेला ते मला कळायचंच नाही. मास्कची दोरी टोचत असेल, टोपीची किनार रुतत असेल, असं मी धरून चालले. पुढे टोकावं लागेनासं झालं.

माझी मुलगी ठकी. खरं नाव भारदस्त आहे, पण ते शाळेपुरतं. शाळेचे दिवस ती माझ्याकडे असते आणि सुट्टीचे दोन दिवस तिच्या बापाकडे. पुढच्या वर्षी तिची शाळा बदलणार आणि नवी शाळा बापाच्या घराच्या पलीकडच्याच गल्लीत. म्हणून आता उलटं करायचं का, शाळेचे दिवस तिकडे आणि सुट्टी माझ्याकडे, असा प्रश्न निघाला. ठकीचा बाप फोनवर म्हणाला, "तिच्यावरच सोडू. परीक्षा झाली की सांगू दे तिला."

मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली भांडी घासली. ती तिकडे गेली तर माझ्याकडे काही राहणार नाही, हे मला नीट माहीत होतं. ट्रेमध्ये कुठलं हत्यार कुठे आहे ते माहीत असतं, तितकं नीट.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही जेवायला बसलो होतो. मी सूप ढवळलं आणि चमचा वाडग्याच्या काठावर टकटक आपटून खाली ठेवला. ठकी म्हणाली, "आजी पण अस्संच आपटते." मी म्हटलं, "आपटत असेल." मग तिने शाळेतलं काही विचारलं आणि मी सांगायला लागले, माझ्या लहानपणी आमच्या वर्गात छपरातून मांजर कसं पडलं होतं ते. फारसं काही मी सांगत नाही, त्या दिवशी सांगितलं खरं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा उजवा हात वर गेला. तिने कानाची पाळी दोन बोटांत धरली, वर दुमडली, कानाच्या भोकात कोंबली आणि सोडून दिली. पाळी टपकन बाहेर आली. परत दुमडली, परत सोडली.

"हे काय करतेस?"

"काय?"

"कानाचं."

"काही नाही," ती म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं.

ही सवय तिला नव्हती. पोर माझी, तिची नस न् नस मला ठाऊक. दूध पिताना डोळे मिटते, विचार करताना पायाचा अंगठा वळवते, हे सगळं मला पाठ. कानाचं नवीन होतं.

ते आलं कुठून हे लगेच कळलं. सुट्टी संपली की तिला आणायला मी बापाच्या इमारतीखाली जाते. वर जात नाही. त्याच्या पुढच्याच सुट्टीनंतर गेले तेव्हा ठकी जिन्यातून उतरत होती आणि तिच्या मागे ती. ठकीच्या बापाची बायको. ठकी तिला मावशी म्हणते, जशी काही माझी पाठची बहीणच. ठकी दोन पायऱ्या उतरायची, थांबायची, मागे वळून बडबडायची. आणि ती बाई रेलिंगला टेकून, मान कलती करून, जिवाचा कान करून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता कानाची पाळी दुमडत होती. दुमडायची, सोडायची. दुमडायची, सोडायची.

डोक्यात तिडीक गेली. एवढ्या महिन्यांत काही म्हणता काही वाटलं नव्हतं, आणि वाटलं ते हे. तिने माझा नवरा नेला, मी मूग गिळून बसले. माझी कपाटं वापरली, माझ्या खिडकीत स्वतःच्या कुंड्या ठेवल्या, मी हूं की चूं केलं नाही. पण पोरीच्या बोटांत शिरायचं तिला कुणी सांगितलं होतं? अजून पोरीने काही ठरवलेलंही नव्हतं आणि हिची बोटं आधीच माझ्या घरात जेवायला बसली होती.

दवाखान्यात मी रोज बघते की कोण कुणासारखं करतं. स्वागताला बसणारी मुलगी नवी आली तेव्हा महिन्याभरात बाईंसारखी "ठीक आहे ना?" म्हणायला लागली, त्याच सुरात. माझ्यासारखं ती काहीच बोलत नाही. एकमेकांत न बोलणारं जोडपं खुर्चीपाशी आलं तर एकाने हाताची घडी घातली की दुसरा मुद्दाम सोडतो, आणि पटत असलेलं जोडपं असेल तर दोघं एकदम पायावर पाय टाकतात. माणसाला जिथे आपली जागा हवी असते, तिथल्या माणसासारखं त्याचं अंग आपोआप व्हायला लागतं. म्हणजे ठकीने तोंडाने काही सांगितलं नव्हतं, पण तिच्या हाताने सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळपासून मी सुरू केलं. ठकीचा हात कानाकडे गेला की मी म्हणायचे, "हात खाली." ओरडायचे नाही. ओरडणं मला जमत नाही हल्ली. भाजी चिरता चिरता, कपड्यांच्या घड्या घालता घालता, नुसतं म्हणायचे. "हात खाली." ती दचकायची, हात खाली घ्यायची, आणि जे सांगत होती ते कुठवर आलं होतं हे तिला आठवायचं नाही. "जाऊ दे," म्हणायची. मीही जाऊ द्यायचे.

हळूहळू तिने उपाय शोधला. बोलायला बसली की दोन्ही हात मांडीखाली घालायची. तळवे खुर्चीवर, वर मांड्या. असं बसून माणसाला फार वेळ बोलता येत नाही, पण कानाला हात जात नव्हता, आणि मला तेवढंच हवं होतं. मी मनात म्हटलं, सुटली. दात साफ केल्यासारखं स्वच्छ वाटलं.

परीक्षा आली. परीक्षा संपली. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सासूबाई आल्या. त्यांच्या खालच्या जबड्यात शेवटचा एक दात उरला होता, तो काढून पूर्ण कवळी करायची होती. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "काढा बाई, एकटाच राहिलाय मेला, कुणाशी बोलत असेल तोंडात?" बाई हसल्या. इंजेक्शन दिलं. "चढू दे जरा," म्हणाल्या आणि पलीकडच्या खोलीत एक्स-रे बघायला गेल्या. मी स्टुलावर बसून राहिले.

सासूबाईंनी ओठ चाचपला. "चढलं बघ. अर्धं तोंड शेजारणीचं झालं." मग जरा वेळाने, "ठकीचं काय बिनसलंय गं?"

"कुठे काय?"

"हात मांडीखाली घालून बसते. परवा विचारलं, थंडी वाजते का बाळा. तर म्हणते, नाही आजी, आईला आवडत नाही."

"तिला एक सवय लागलीय," मी म्हटलं. "तुमच्या सूनबाईंची. ती मोडतेय मी."

"कसली सवय?"

मला ते तोंडाने सांगायचंही जिवावर आलं होतं. मी हात वर नेला. ग्लोव्हज होते, म्हणून कानाला लावला नाही. कानापासून वीतभर अंतरावर, हवेतल्या हवेत, पाळी दुमडून दाखवली आणि सोडली.

सासूबाई बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. अर्धंच तोंड हसत होतं, दुसऱ्या अर्ध्यातून लाळ गळायला लागली. मी नळी लावली. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"अगं बये," त्या म्हणाल्या, "ती तुझी!"

"काय माझी?"

"सवय. तुझी आहे ती. लग्न होऊन आलीस, मी तुला काही सांगायला बसले की तुझा कान दुमडायला सुरुवात. मला वाटलं पोरीचा कान ठणकतोय, लाजून बोलत नाही. मी कानात घालायचे थेंब आणले होते दुकानातून! आठवत नाही?"

थेंब मला आठवत होते. कशासाठी ते मला कधी कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, या घरात सगळ्यांनाच घालतात.

"मग ती माझ्या पोराला लागली," सासूबाई सांगत होत्या. त्यांचा खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता आणि शब्द त्या बाजूने सांडत होते. "तेव्हा तुमचं बरं चाललं होतं. दोघं समोरासमोर बसून कान दुमडत बसायचात, मला इतकं हसू यायचं. पुढे ही आली. नवीन माणूस, भेदरलेलं. सासू आधीच तोंड फुगवून बसलेली, म्हणजे मीच. कुणाच्या तोंडाकडे बघणार? नवऱ्याच्या. त्याचं उचललं. आणि तिचं ठकीने. तू नाही का आल्या आल्या माझ्यासारखा चमचा आपटायला लागलीस? तू गेलीस गं, पण ते राहिलं घरात."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं? शिंकताना तुझं तोंड कसं होतं, ते कुणी सांगतं का तुला?"

माझा हात अजून तसाच हवेत होता. बाई दारातून आत आल्या, त्यांनी बघितलं. "हात खाली," म्हणाल्या. मग खोक्यातून ग्लोव्हज काढता काढता, "काय गं, परत सुरू केलंस का कानाचं? पहिले काही महिने तुझा हात सारखा तिथेच. टोकून टोकून माझं तोंड दुखलं होतं तेव्हा."

सासूबाई "बघ" अशा नजरेने माझ्याकडे बघत होत्या.

बाईंनी आ केला. सासूबाईंनी आ केला, अर्धा. दात सहज निघाला, त्याला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. मी नळी धरली, कापूस दिला, दिवा मागे सारला. सगळं झाल्यावर मास्क काढला तेव्हा कळलं की माझा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेलाय आणि तसाच राहिलाय. सासूबाईंचा होता, त्याच बाजूला. मी हाताने तो सरळ केला.

घरी आल्यावर न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहिले. ठकी बाहेर टेबलावर चित्रं रंगवत होती. मी पाळी धरली, दुमडली, सोडली. आरशातली बाई दुसऱ्या कुणाची तरी नक्कल करत होती, आणि तीही वाईट. जिन्यातल्या तिला ते शोभत होतं. ठकीला तर फारच. मला ते माझं म्हणून कुठेच ओळखू येईना. एवढी वर्षं ते माझ्याच हातात होतं, मग बाईंनी ते दोन शब्दांनी माझ्यातून काढलं, आणि त्याच दोन शब्दांनी मी ते ठकीमधून काढलं. त्या बाईचं समजून मी माझंच उपटून टाकलं होतं. एवढं कळलं, तरी काही वाटलं नाही.

जेवायला बसलो. ठकीने खाऊन संपवलं आणि हात मांडीखाली घातले.

"काढ गं हात," मी म्हटलं. "असू दे वर. मी काही म्हणणार नाही."

"नको," ती म्हणाली. "सवय झालीय आता."

"आज काय काय झालं? सांग."

"काही नाही. रंगवलं."

मी हात वर नेला आणि पाळी दुमडली, तिला दिसेल अशी. सोडली. परत दुमडली. बाईंचा आ लागतो तसं हे तिला लागावं, तिचा हात मांडीखालून निघावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचं लक्षच नव्हतं. ती रिकाम्या ताटलीकडे बघत होती. मग माझंच मला कसंतरी झालं आणि मी हात टेबलावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "मी ठरवलंय. सांगू?"

"सांग की."

"तू रागावणार नाहीस?"

"मी कुठे रागावते?"

"तेच ना," ती म्हणाली. "मी तिकडे राहीन. शाळेच्या दिवशी. शाळा जवळ आहे म्हणून नाही, चालत तर मी कितीही जाईन. पण तिकडे ना, मी सांगत असले की मावशी ऐकते. तू पण ऐकतेस, मला माहीत आहे. पण तुझं तोंड तसंच राहतं. मला कळतच नाही की पुढे सांगू की थांबू. मग मला वाटतं, मी काहीतरी चुकीचं सांगतेय. मग मी काय सांगत होते तेच विसरते. मावशीचं तोंड हलतं. म्हणजे मी मांजराचं सांगितलं ना, तू सांगितलेलं, छपरातून पडलेलं, तर तिचं तोंड त्या मांजरासारखं झालं. तुझी गोष्ट होती, पण तू सांगताना तुझं नव्हतं झालं. मला तू आवडतेस. सुट्टीला मी येणारच आहे. दोन्ही दिवस. पण रोज रोज मला भीती वाटते, की मी बोलतेय आणि तिथे कुणी नाहीच आहे."

एका दमात बोलली. एवढं सलग ती माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचा वरचा ओठ थरथरत होता, "मांजर" म्हणताना भुवया वर गेल्या होत्या, "भीती" म्हणताना तिने आवंढा गिळला होता आणि माझ्याही घशात तो आवंढा आला होता. आणि मग दुखलं. इंजेक्शन उतरताना दुखतं तसं, आधी एका कोपऱ्यात आणि मग सगळीकडे. हे पोरगं जाणार. माझं पोरगं जाणार आणि त्याला मीच घालवलं. मला रडू येत होतं आणि मला ते थांबवायचंही नव्हतं, पण तिचं बोलणं मध्येच तुटू नये म्हणून मी गप्प बसून ऐकत होते.

ती बोलायची थांबली. माझ्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या जरा बाजूला बघत होती.

"आई, तू मावशीसारखं काय करतेस?"

माझी बोटं कानाच्या पाळीवर होती. दुमडत होती, सोडत होती. केव्हापासून, मला माहीत नव्हतं.

सांगावंसं वाटलं, अगं हे माझंच आहे, तिचं नाही, तुझ्या आजीला विचार. सांगायला मी तोंड उघडलं, आणि समोर तिचंही तोंड थोडंसं उघडलं. पण आता हे ऐकून ती काय म्हणणार होती? मोठ्या माणसांना म्हणतात तसं "बरं" म्हणाली असती. मी तोंड मिटलं. बोटं थांबायला तयार नव्हती.

"हात खाली," ठकी म्हणाली.

रागावून नाही. नुसतं सांगायचं म्हणून. शेवटचा शब्द जरासा ओढून, अगदी माझ्यासारखा.

मी हात खाली घेतला. कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून मांडीखाली घातला. मग दुसराही घातला.